फोनवर येतं, लॅपटॉपवर येत नाही

आमच्या विभागात टेबलावर एक तक्रारवही असते. तारीख, इमारत, खोली, तक्रार, सही असे तिचे रकाने. तक्रारीच्या रकान्यात बहुतेक मुलं ‘नेट येत नाही’ एवढंच लिहून जातात. ऑगस्टमधली एक नोंद मात्र रकान्यात न मावल्याने समासात शिरली होती: ‘रात्री ९ नंतर नेट येत नाही. फोनवर येतं, लॅपटॉपवर येत नाही. दोनच कांड्या.’ मुलींचं वसतिगृह, तिसरा मजला, टोकाची खोली. सहीच्या खाली, मागाहून आठवल्यासारखं, ‘सकाळी ६ ला चालतं.’

मी कोकणातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नेटवर्क सांभाळते, त्याला चौदा वर्षं झाली. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, खानावळ, वसतिगृहं धरून तीनशेच्या आसपास ॲक्सेस पॉइंट आहेत. आम्ही त्यांना नुसतं एपी म्हणतो. प्रत्येक एपीच्या पोटात दोन रेडिओ, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ गिगाहर्ट्झचा. दोन्हींचं नाव एकच, त्यामुळे मुलांना यादीत एकच वायफाय दिसतं. त्या नावाला हात लावला की कुठल्या एपीच्या कुठल्या रेडिओशी बोलायचं, हे लॅपटॉप स्वतः ठरवतो. आम्ही सुचवू शकतो, नको तिथून त्याला हाकलू शकतो, पण जोडी जमवणं त्याच्याच हातात असतं. तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर आमच्या क्षेत्रातले कितीतरी लोकही हे विसरून गेलेले असतात.

ती नोंद वाचून मला लिहिणारीबद्दल आदर वाटला. तिने वेळ दिली होती, जागा दिली होती, आणि कधी चालतं तेही लिहिलं होतं. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘रोज संध्याकाळी ताप चढतो, सकाळी उतरतो’ म्हणणं वेगळं.

रात्री सव्वानऊला रेक्टर मॅडमना विचारून, वसतिगृहाच्या मावशींना सोबत घेऊन वर गेले. दुसऱ्या वर्षाची मुलगी. दोन लोखंडी खाटा, भिंतीला टेकून लोखंडी कपाट, आणि भिंत जांभ्या दगडाची, जवळजवळ फूटभर जाड. लॅपटॉप मामांनी पुण्याहून जुना घेऊन पाठवलेला, बिजागरीला चिकटपट्टी. “मॅडम, हे बघा, फोनवर व्हिडिओ चालतोय,” ती म्हणाली, “आणि इथे असाइनमेंट अपलोड होत नाही. अर्ध्यात अडकतं.”

मी काळी खिडकी उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली. विंडोजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये ती असते, आणि माझा अर्धा दिवस तिच्यावर जातो. लॅपटॉप कुठल्या एपीला धरून आहे, कुठलं चॅनेल, सिग्नल किती टक्के, सगळं एका पडद्यावर येतं. तिच्या पडद्यावर सिग्नल ३४ टक्के होता. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डेसिबल-मिलिवॉट आणि ० टक्के म्हणजे उणे १००. तेव्हा ३४ टक्के म्हणजे उणे ८३. बऱ्या चालणाऱ्या जोडणीला आम्ही उणे ६७ धरतो. मधला फरक १६ डेसिबलचा, म्हणजे येणारी शक्ती चाळीस पटीने कमी. एपीचा पत्ता जुळवून पाहिला, तर तो तळमजल्यावरच्या अभ्यासिकेतला निघाला. खोलीच्या दाराबाहेर, छताला, दहा पावलांवर एपी लुकलुकत होता आणि हा लॅपटॉप तीन मजले खाली बोलत होता.

“तू अभ्यासिकेत बसतेस का गं?”

“हो, साडेआठपर्यंत. मग झाकण मिटून वर येते.”

आमच्याकडे याला चिकटलेला क्लायंट म्हणतात. नवा एपी शोधायचा तर लॅपटॉपला हातातलं बोलणं थांबवून बाकीची चॅनेलं चाचपून पाहावी लागतात. त्यात वेळ जातो, बॅटरी जाते, म्हणून जुना धागा अगदी तुटायला येईपर्यंत तो सोडत नाही. ॲपलने मॅकसाठीची मर्यादा जाहीरच करून ठेवली आहे: उणे ७५ च्या खाली गेल्याशिवाय मॅक दुसरीकडे बघत नाही. विंडोजच्या लॅपटॉपांत हे कार्डाच्या ड्रायव्हरवर असतं, आणि दोन कार्डं सारखी वागत नाहीत. शेजारचे एपी कोणते याची यादी लॅपटॉपला पुरवायची पद्धत वायफायच्या २००८ च्या मानकात आली, ‘आता तिकडे जा’ असं सुचवायची २०११ मध्ये. जुनी कार्डं ती भाषा जाणतच नाहीत.

मी वायफाय बंद करून सुरू केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’, म्हणजे दुसरा एपी शोधायची तयारी, एक घर वर नेली. सिग्नल ५६ टक्क्यांवर आला, असाइनमेंट गेली, मुलगी हसली. खाली येऊन वहीत तिच्या नोंदीपुढे ‘दुरुस्त’ लिहिलं.

चार दिवसांनी त्याच अक्षरात: ‘पुन्हा तसंच.’

तो आठवडा प्रवेशाचा होता, आणि मला वर जायला आणखी सहा दिवस लागले. त्या दिवसांतल्या काही तक्रारी सांगते, कारण ‘लॅपटॉप कनेक्ट होत नाही’ या एका वाक्यामागे किती निरनिराळी दुखणी असतात ते त्यातून दिसेल.

पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला. पासवर्ड बरोबर, तरी नेटवर्क त्याला आत घेत नव्हतं. दोन दिवस त्याने तोच पासवर्ड शंभरदा टाकला असेल. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिलं. तारीख २०१२ सालातली होती. आमच्याकडे आत शिरताना लॅपटॉप आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, की हा खरा कॉलेजचाच सर्व्हर आहे ना. प्रमाणपत्र अलीकडचं, लॅपटॉपच्या लेखी ते अजून जन्मालाही आलेलं नव्हतं, म्हणून त्याने ते नाकारलं. नेट मिळालं असतं तर घड्याळ आपोआप बरोबर झालं असतं, आणि घड्याळ बरोबर असतं तर नेट मिळालं असतं. तारीख हाताने बदलली, एका क्षणात जोडला गेला. आतला घड्याळाचा सेल संपलेला होता. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो. तो मुलगा मात्र दोन दिवस स्वतःलाच दोष देत होता की आपल्यालाच काही जमत नाही. मला त्या सेलपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

शेवटच्या वर्षाच्या एकीचं नेट बाहेरची हार्ड डिस्क लावली की जायचं. काढली की यायचं. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं होतं, पण तिचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. यूएसबी ३.० ची तार ज्या वेगाने चालते त्या वेगात तिच्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसह सविस्तर टिपण काढलं होतं. तार स्वस्तातली असेल, तिच्यावरचं धातूचं वेष्टन धड नसेल, तर लॅपटॉपला हाताएवढ्या अंतरावरचा हा गोंगाट एपीच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येतो. मी तिला विचारलं, “बिनतारी माउस आहे का? डिस्क लावली की तो अडखळतो का?” अडखळत होता. माउसही २.४ वरच बोलतो. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, जरा लांब तारेने लावली आणि लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ पसंत करायला सांगितलं. दोन्ही दुखणी गेली.

मग सभागृह. मुलांच्या स्वागताच्या दिवशी पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॅपटॉपांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते मिळू लागले. हा पत्ता कोणी देत नाही. मागूनही कोणी दिला नाही की लॅपटॉप स्वतःच घेतो. रेंज फुल, नेट नाही, ही तक्रार बरेचदा इथे जन्मते. त्या भागासाठी आम्ही २५४ पत्ते ठेवले होते आणि एकेक पत्ता आठ-आठ दिवसांसाठी दिला जात होता. त्यात २०१९ पासून ॲन्ड्रॉइड फोन आणि २०२० पासून आयफोन आपला खरा यंत्रपत्ता लपवून बनावट पत्ता पुढे करतात. सेटिंगनुसार तो बदलतोही, आणि बदलला की एकाच फोनच्या नावावर दोन-तीन जागा अडतात. आईवडील, भाऊबहीण, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांचे फोन मिळून पत्ते दुपारपर्यंत संपले. मुदत दोन तासांवर आणली, पत्ते चौपट केले, प्रश्न मिटला.

आता त्या दोन पट्ट्यांविषयी, कारण मुलीच्या खोलीचं उत्तर तिथे आहे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. अमेरिकेत हा आणि असेच आणखी दोन पट्टे १९८५ मध्ये खुले झाले. तोवर ते ओव्हन आणि कारखान्यातल्या यंत्रांसाठी सोडलेले, संपर्काला कुचकामी मानलेले पट्टे होते. खानावळीतला मायक्रोवेव्ह आजही तिथेच, २.४५ वर चालतो. या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेलं असली तरी ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना धक्का न लावता चालतील अशी तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार एपी असतील तर तीन चॅनेलं चौघांना वाटायची कशी? वरचा मजला, खालचा मजला धरला तर हिशेब आणखी बिघडतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये वीसहून जास्त चॅनेलं आहेत. आपल्याकडे हा पट्टा मोठ्या प्रमाणावर आणि इमारतीबाहेरही खुला झाला तो २०१८ मध्ये. त्यातल्या काही चॅनेलांवर हवामानाची रडारंही बोलतात. मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचं सी-बँड रडार आहे, ते याच भागातलं. रडारची चाहूल लागली की एपीने ते चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा दंडक. एखाद्या मजल्यावरचे सगळे लॅपटॉप एकाच क्षणी दोन-चार सेकंद तुटले तर मी आधी ही नोंद तपासते.

जागा भरपूर, पण ५ गिगाहर्ट्झला भिंत सोसत नाही. मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर त्याची शक्ती २.४ च्या मानाने चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. जांभ्यात तर विचारू नका. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी रेडिओलहर पिऊन टाकतं. मुलं म्हणतात पावसाने नेट जातं. पडणाऱ्या पावसाचा या लहरींवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही; परिणाम होतो तो ओल्या भिंतीचा, ओल्या झाडांचा, आणि बाहेरच्या तारेच्या टोकाशी शिरलेल्या पाण्याचा.

दहाव्या दिवशी मी त्या खोलीत परत गेले. या वेळी दुसरी आज्ञा दिली, ‘शो ड्रायव्हर्स’. ती आधीच द्यायला हवी होती. कार्डाला कुठल्या भाषा येतात याची ओळ त्यात असते. तिथे लिहिलं होतं: ८०२.११एन, ८०२.११जी, ८०२.११बी. बस. ए नाही, एसी नाही. म्हणजे या लॅपटॉपच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. एन हे अक्षर दोन्ही पट्ट्यांत चालतं, त्यामुळे नुसतं ते पाहून फसायला होतं. सोबत ए किंवा एसी नसेल तर कार्ड एकाच पट्ट्याचं. स्वस्त लॅपटॉपांत अशी कार्डं कितीतरी वर्षं घातली जात होती.

मग दाराबाहेरचा एपी? तो जोरात चालू होता, तिचा फोन त्याच्यावरच व्हिडिओ बघत होता. पण त्याचा २.४ चा रेडिओ बंद होता. तो मी बंद केला होता.

मे महिन्यात, वसतिगृह रिकामं असताना, मी एक सोडून एक एपीचा २.४ चा रेडिओ बंद केला. हे मनाला येईल तसं केलेलं काम नव्हतं. मोठ्या नेटवर्कवर सगळेच असं करतात आणि त्याला सबळ कारण आहे. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. आधी कानोसा घ्यायचा, कोणी बोलत नसेल तर बोलायचं. याचं मूळ हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांमध्ये उभारलेल्या अलोहानेटमध्ये आहे. तिथे तर कानोसाही नव्हता. बोलायचं, धडक झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. आज कानोसा आहे, पण हवा एकच. १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. कुंभार्ली घाटात पुढे दगडाने भरलेला ट्रक लागला की मागच्या नव्या गाडीचं इंजिन किती दमदार आहे याला अर्थ उरत नाही. त्यात प्रत्येक एपी आपल्या एकेका नावाची हाळी सेकंदाला दहादा देतो. पाच नावं असतील आणि हाळी १ एमबीपीएसने दिली जात असेल, तर एका एपीच्या हाळीतच चॅनेलचा दहाव्या हिश्श्याहून जास्त वेळ जातो. तीन एपी एकमेकांना ऐकू येत असतील तर एक तृतीयांश वेळ नुसता पुकारा. म्हणून मी नावं कमी केली, सर्वांत हळू वेग बंद केले, आणि २.४ चे अर्धे रेडिओ बंद केले. जूनमध्ये आलेख सुंदर दिसत होते. सरासरी वेग वाढला होता. प्राचार्यांनी बैठकीत कौतुक केलं.

सरासरीत ही मुलगी दिसत नव्हती. तिचा लॅपटॉप दुसऱ्या मजल्यावरच्या एपीला जेमतेम धरून होता, नाहीतर अभ्यासिकेतल्या. सकाळी सहाला हवा रिकामी असते, तेव्हा तेवढ्याशा आवाजातही काम भागतं. रात्री नऊला सगळ्या मुली खोल्यांत आल्या की तिचा आवाज बुडतो. लोखंडी कपाट नेमकं भिंत आणि खाट यांच्या मध्ये होतं, आणि लॅपटॉपचे ॲन्टेना झाकणात, पडद्याच्या कडेला असतात. ती उशीला टेकून बसली की झाकण कपाटाच्या आड. पहिल्या भेटीत मला हे सगळं दिसत होतं आणि मी ‘चिकटलेला क्लायंट’ म्हणून मोकळी झाले. निदान खोटं नव्हतं. अर्धं होतं.

मला एका सहकाऱ्याने सहज सांगितलं, “तिला नवा घ्यायला सांग ना. किती दिवस जुनी यंत्रं सांभाळायची?” मला हे पटत नाही. जुना लॅपटॉप कोणाकडे असतो? ज्याच्या घरी तो मामाने जमवून पाठवलेला असतो त्याच्याकडे. आलेख सुधारायला आम्ही जे जे करतो, त्यात पहिला बाहेर पडतो तो हाच विद्यार्थी, आणि तो वहीत लिहायला यायलाही बिचकतो, कारण त्याला वाटतं दोष आपल्याच यंत्राचा. मला नेमलं आहे ते त्याचाही लॅपटॉप चालावा म्हणून.

त्याच रात्री दाराबाहेरचा २.४ चा रेडिओ चालू केला, चॅनेल ११, शक्ती सर्वांत कमी. एपी फार मोठ्याने बोलला तर लॅपटॉपला तो लांबून ऐकू येतो पण लॅपटॉपचं उत्तर तिकडे पोचत नाही. आवाज दोघांचा बरोबरीचा असावा लागतो. हळू वेग बंदच ठेवले, कारण तिच्या कार्डाला ते लागत नव्हते. मावशींनी आणि मैत्रिणीने कपाट दोन हात सरकवलं. सिग्नल ८६ टक्के.

मग सगळे एपी जिथून चालवतो त्या कंट्रोलरमधून एक यादी काढली: महिनाभरात एकदाही ५ गिगाहर्ट्झवर न आलेली यंत्रं. त्या एका वसतिगृहात चाळीसच्या आसपास निघाली. आमचा तंत्रज्ञ आणि मी तीन संध्याकाळी मावशींसोबत दारोदार फिरलो. काहींचा ड्रायव्हर विंडोजने स्वतःच बसवलेला, साधारण कामचलाऊ. कंपनीचा घातल्यावर ५ गिगाहर्ट्झ दिसू लागलं. काहींच्या सेटिंगमध्ये कोणीतरी कधीतरी ‘फक्त २.४’ करून ठेवलेलं. दहा-बारा लॅपटॉप मात्र खरोखरच एका पट्ट्याचे होते. त्यांच्या खोल्या नकाशावर खुणावल्या आणि रेडिओ त्या खुणांप्रमाणे चालू केले. आता कुठला रेडिओ बंद ठेवायचा हे आलेखावरून ठरत नाही, या यादीवरून ठरतं. दर सत्राला मुली खोल्या बदलतात, तेव्हा यादीही नव्याने काढावी लागते.

जुनं वसतिगृह अजून व्हायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते रिकामं असेल, शिडी घेऊन निवांत काम करता येईल, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. पण मोजणी सुट्टीत करता येत नाही. रिकाम्या व्हरांड्यात सगळीकडे उत्तम आकडे येतात. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, आणि शंभर मुली नसल्या की हवेत शंभर फोन आणि शंभर लॅपटॉपही नसतात. सुट्टीत तारा बदलू, पाणी शिरलेली टोकं नव्याने क्रिंप करू. आकडे सगळ्या परत आल्यावर घेऊ, रात्री नऊनंतर.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वहीत शेवटची नोंद त्याच समासात शिरणाऱ्या अक्षरात होती: ‘जुनं वसतिगृह, पहिला मजला, जिन्याशेजारची खोली. माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप. रात्री ९.४० ला पाहिलं. चॅनेल ६, सिग्नल २८ टक्के. ड्रायव्हरमध्ये एन, जी, बी. ए नाही, एसी नाही. कपाट भिंतीला आहे, आम्ही सरकवतो.’